विमानातून उडी मारताना अंगावर काय असावे?

दिवाळीच्या सुट्टीचे बेत ठरू लागले की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा नूर बदलतो. यंदा पॅराशूट लावून विमानातून उडी मारण्याविषयी बरीच पत्रे आली आणि त्यांतल्या बहुतेकांचा प्रश्न ‘अंगावर काय घालू?’ हाच निघाला, म्हणून या वेळचे संपूर्ण सदर त्याच एका प्रश्नाला देत आहे. मुंबईच्या आकाशात प्रवासी विमानांची अखंड ये-जा असते, त्यामुळे आपल्याकडची हौशी मंडळी या उडीसाठी हरियाणातील नारनौलला, दुबईला किंवा थायलंडला जातात. कपड्यांचा निर्णय त्यामुळे घरून निघतानाच घ्यावा लागतो. धावपट्टीशेजारी उभे राहिल्यावर चूक लक्षात आली, तर तिथे दादरसारखी कोपऱ्या-कोपऱ्यावर दुकाने नसतात. पहिल्या उडीला मी स्वतः चुकीचा कपडा घालून गेले होते, त्याची हकिगत ओघात येईलच.

डोंबिवलीहून एक वाचक लिहितात: डिसेंबरमध्ये आम्ही चार मित्र नारनौलला टँडम उडीसाठी जाणार आहोत. आयोजकांच्या संदेशात ‘आरामदायक कपडे घाला’ एवढेच वाक्य आहे. घरात आम्ही बर्म्युडा घालतो आणि ऑफिसला जीन्स. दोन्ही आम्हाला आरामदायकच वाटतात. तिथे नेमके काय घालावे?

उत्तर: आपली शंका रास्त आहे. ‘आरामदायक’ या शब्दाचा इथला अर्थ शरीराने करायच्या दोन ठरावीक हालचालींशी बांधलेला आहे. टँडम उडी म्हणजे प्रशिक्षकाला जोडून एकाच पॅराशूटने मारायची उडी. तीत तुम्ही त्याच्या पुढ्यात असता आणि तुमचे हार्नेस, म्हणजे अंगाला आवळलेल्या पट्ट्यांचा साज, त्याच्या हार्नेसला दोन खांद्यांशी व दोन कमरेशी असे चार ठिकाणी जोडलेले असते. विमानाच्या दारातून निघताना मान मागे, कंबर पुढे आणि दोन्ही पाय मागे वळवून प्रशिक्षकाच्या पायांमध्ये घ्यायचे असतात. जमिनीवर उतरताना याच्या बरोबर उलट, गुडघे छातीकडे ओढून पाय समोर उचलून धरायचे असतात, म्हणजे प्रशिक्षकाचे पाय आधी टेकतात किंवा दोघेही बसल्या बसल्या गवतावरून घसरत जाऊन थांबता. ही दुसरी हालचाल मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण पाय वेळेवर वर आले नाहीत तर घोटा किंवा गुडघा दुखावण्याचा धोका तिथेच असतो.

म्हणून बॅग भरण्यापूर्वी घरीच एक परीक्षा घ्या. जी पँट नेणार असाल ती घालून फरशीवर बसा, दोन्ही हातांनी गुडघ्यांच्या मागून मांड्या धरा, टाचा फरशीपासून वर उचला आणि दहा आकडे मोजेपर्यंत तसेच राहा. मागच्या महिन्यात आमच्या इमारतीच्या गच्चीवर मी भाच्याला हे करायला लावले. जाड जीन्समध्ये जांघेपाशी कापड ताठ होऊन गोळा झाले, पट्ट्याचे बक्कल पोटात रुतू लागले आणि सहाव्या आकड्याला त्याचे पाय खाली आले. ताणल्या जाणाऱ्या कापडाची ट्रॅक पँट घालून आल्यावर तोच मुलगा वीस मोजून झाले तरी पाय वर धरून गप्पा मारत होता.

जीन्सबद्दल आणखी एक कारण आहे. पॅराशूट उघडल्यावर तुमचा बहुतेक भार मांड्यांभोवतीच्या दोन पट्ट्यांवर येतो आणि जमीन गाठेपर्यंत पाच-सात मिनिटे तो तसाच राहतो. त्या पट्ट्यांखाली जाड शिवण, खिशाचा पितळी रिव्हेट किंवा विसरलेली किल्ली असेल, तर ती मांडीवर चांगलाच वळ उठवते. खिसे पूर्ण रिकामे हवेत. रुमाल, लोकलचा पास, सुटे पैसे, काहीही नको. बर्म्युडा नको, कारण घसरत उतरताना उघडे गुडघे आणि पोटऱ्या खरचटतात. अनेक ठिकाणी वरून घालायला जंपसूट, म्हणजे मानेपासून घोट्यापर्यंतचा एकसंध पोशाख, देतात, पण तो मिळेलच असे गृहीत न धरता आतला कपडा स्वतःच्या जोरावर पुरेसा असेल असाच निवडा. रंग गडद असलेला बरा. मातीचे आणि गवताचे डाग निघत नाहीत.

वरच्या कपड्याच्या बाबतीत माझी चूक सांगते. पहिल्या उडीला मी टोपीची हुडी घालून गेले होते. थंडी होती, हुडी नवी होती आणि छायाचित्रात छान दिसेल असा माझा हिशेब होता. प्रशिक्षकाने माझ्याकडे पाहिले, काही न बोलता मागची टोपी दोन बोटांत धरून स्वतःच्या नाकापर्यंत ओढली आणि मग म्हणाला, “ताई, ही वर गेल्यावर इथेच असणार आहे.” मला एकदम उमगले. ताशी सुमारे १९० ते २०० किलोमीटर वेगाने खाली येताना माझी टोपी त्याच्या तोंडावर आपटत राहणार, आणि त्याच क्षणी त्याला उंची पाहायची, हात मागे नेऊन पॅराशूट उघडण्याची मूठ शोधायची आणि ती ओढायची असणार. हुडी काढून ठेवायला मी राजी झाले, पण उसना स्वेटर मिळेपर्यंत माझी पाळी दोन फेऱ्यांनी मागे गेली.

टँडम उडीच्या कपड्यांचा विचार करताना ही गोष्ट सतत समोर ठेवावी, असे मी आग्रहाने सांगते. हा कपडा तुमच्या एकट्याचा नसतो. तुमच्या पाठीला लागून एक माणूस असतो आणि त्याच्या हार्नेसवर काही मुठी असतात: मुख्य पॅराशूट उघडण्याची, बिघडलेले मुख्य पॅराशूट सोडून देण्याची आणि राखीव पॅराशूट उघडण्याची. फुगणारे जॅकेट, लोंबणारा शर्टाचा घेर, गळ्याभोवतीचा स्कार्फ किंवा हुडीची नाडी यांपैकी काहीही त्या मुठींवर किंवा त्याच्या डोळ्यांवर येता कामा नये. बिनकॉलरचा, अंगासरशी बसणारा, पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट पँटमध्ये खोचलेला असावा. कॉलर मानेवर सारखी फटफटते आणि उतरल्यावर तिथे लाल रेघ दिसते.

मुलुंडच्या एका वाचक भगिनींचे पत्र: लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसानिमित्त मी आणि माझे यजमान दुबईला उडी मारणार आहोत. मंगळसूत्र आणि हातातल्या हिरव्या बांगड्या काढाव्या लागतील का? सासूबाईंना ते रुचणार नाही. माझे केस कमरेपर्यंत आहेत, त्यांचे काय करावे?

उत्तर: मंगळसूत्र गळ्यात ठेवून उडी मारू नये, आणि हे मी कुणाच्या श्रद्धेला धक्का लावण्यासाठी सांगत नाही. वारा खालून वर येत असतो, त्यामुळे लांब सर उलटून हनुवटीवर, ओठांवर आपटत राहतो. आखूड असेल तर हार्नेसच्या छातीवरच्या पट्ट्याखाली दाबला जातो. पोत ओवलेली असेल तर दोरा तुटून मणी गेलेच म्हणून समजा. काचेच्या बांगड्यांचा धोका याहून वाईट आहे, कारण उडीच्या सुरुवातीला दोन्ही हात छातीवर घेऊन हार्नेसचे पट्टे धरायचे असतात आणि तिथे फुटलेली काच मनगटात शिरते. अंगठ्या, लोंबते कानातले, नथ, घड्याळ, पैंजण हे सगळे काढावे. बसक्या कुड्या पक्क्या मळसूत्राच्या असतील तर बहुतेक प्रशिक्षक हरकत घेत नाहीत, तरी त्या बक्कलात अडकण्याची शक्यता उरतेच. जोडवी मोज्यांच्या आत राहतात, त्यामुळे ती बोटाला रुतत नसतील तर काढायची गरज नाही. सासूबाईंना हे जरूर सांगा.

दागिने मैदानावरच्या लॉकरमध्ये ठेवण्यापेक्षा घरीच ठेवून जाणे उत्तम. मंगळसूत्र घरी ठेवायला मन घेत नसेल, तर सोबत आलेल्या, उडी न मारणाऱ्या घरच्या माणसाजवळ एका छोट्या बटव्यात द्या. माझ्या परिचयातील एका बाईंनी आपले मंगळसूत्र काढताना ते सासूबाईंच्याच हातात दिले आणि उतरल्यावर त्यांच्याच हातून घालून घेतले. तुमच्या घरीही असे काही जमले तर फारच चांगले.

केसांबद्दल थोडे विस्ताराने सांगते, कारण हा भाग बायका सहज घेतात आणि नंतर तासभर केस सोडवत बसतात. पोनीटेल अजिबात पुरेशी नाही. ती वाऱ्यात वर उभी राहते, प्रशिक्षकाच्या चेहऱ्यावर चाबकासारखी बसते, आणि खाली येईपर्यंत टोकाकडचे केस एकमेकांत असे गुंततात की कात्री लावावी लागते. केसांना आदल्या रात्री थोडे तेल लावा, सकाळी मधला भांग न पाडता मागे ओढून मानेशी घट्ट तिपेडी वेणी घाला, वेणीला मधे दोन ठिकाणी आणि शेवटी एक असे कापडी रबर लावा आणि ती वेणी टी-शर्टच्या आत पाठीवर सोडा. वर जंपसूट मिळाला तर त्याची चेन मानेपर्यंत लावून घ्या. डोक्यावर उंच अंबाडा नको, कारण तो नेमका प्रशिक्षकाच्या हनुवटीखाली येतो आणि उडी निघताना मान मागे टाकू देत नाही. धातूचे चाप आणि आकडेही नकोत. कपाळावरच्या बटा रुंद कापडी पट्टीखाली घ्या. त्या गॉगलमध्ये शिरल्या तर गॉगलची कड उचलली जाते आणि डोळ्यांत वारा जातो.

स्पोर्ट्स ब्राबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण विचारायला संकोच वाटला असेल म्हणून लिहिते. तार असलेली किंवा खांद्यावर धातूची कडी असलेली ब्रा घालू नका. हार्नेसचे खांद्याचे आणि छातीचे पट्टे नेमके तिथेच आवळले जातात.

गिरगावातून एक वाचक विचारतात: आम्ही जन्माने मुंबईकर, घरात एक जुना स्वेटर सोडला तर थंडीचे कपडे नाहीत. नारनौलला डिसेंबरात वर किती थंडी असेल? जाड जॅकेट विकत घ्यावे का?

उत्तर: जाड जॅकेट घेऊ नका. आधी हिशेब पाहा. उंची वाढते तसे तापमान दर १,००० फुटांना साधारण दोन अंश सेल्सिअसने उतरते, म्हणजे १०,००० फुटांवर ते जमिनीपेक्षा सुमारे वीस अंशांनी कमी असते. दुपारी मैदानावर बावीस अंश असतील तर वर दोन-तीन अंश. उत्तरेतल्या थंड सकाळी तर वर पारा शून्याच्या खाली जाऊ शकतो. आपल्याकडे पंख्याचा वेग एकने कमी केला की हिवाळा आला असे आपण समजतो, त्यामुळे हे आकडे वाचून धसका घेणे साहजिक आहे.

प्रत्यक्षात मोकळ्या पतनाचा काळ फार थोडा असतो. १०,००० फुटांवरून उडी घेतली तर पॅराशूट उघडेपर्यंत सुमारे अर्धा मिनिट, आणि १३,०००–१४,००० फुटांवरून घेतली तर साधारण एक मिनिट. त्या अर्ध्या-एक मिनिटात थंडीकडे लक्ष जाईल असा माणूस मी अजून पाहिलेला नाही. थंडी बोचते ती दोन जागी. एक म्हणजे वर चढताना छोट्या विमानात, जिथे पंधरा-वीस मिनिटे हालचाल न करता दाटीवाटीने बसायचे असते. दुसरी म्हणजे त्याही आधी, जमिनीवर, कारण हिवाळ्यात उत्तरेत सकाळी धुके असते आणि ते विरेपर्यंत विमान निघत नाही. पहाटे बोलावलेल्या माणसाची पाळी दुपारी येते असे सर्रास घडते.

त्यामुळे थंडीचे कपडे दोन वेगळ्या कामांसाठी न्या. वाट पाहताना घालायला घरातला जुना स्वेटर, कानटोपी, शाल काहीही चालेल. ते सगळे उडीपूर्वी काढून खाली ठेवायचे. उडीसाठी मात्र अंगाला चिकटून बसणारी थर्मल बनियन आणि पायजमा आत, त्यावर पूर्ण बाह्यांचा टी-शर्ट व ट्रॅक पँट, आणि वर तिथे मिळणारा जंपसूट. थर्मल कपडे मुंबईत हिवाळ्याच्या तोंडी दादरला किंवा क्रॉफर्ड मार्केटच्या परिसरात माफक दरात मिळतात. फुगीर जॅकेटमध्ये वारा भरतो, शिवाय त्यावर हार्नेस नीट आवळता येत नाही: कापसाचा फुगवटा दाबला गेला की जमिनीवर घट्ट वाटलेला पट्टा वर सैल पडतो. हातांना पातळ हातमोजे घ्या, कारण सर्वांत आधी बोटेच बधिर होतात.

वजनाची मर्यादा असते हेही लक्षात ठेवा. अनेक ठिकाणी ती ९० ते १०० किलोंच्या आसपास असते आणि काट्यावर तुम्हाला कपड्या-बुटांसकट उभे करतात. काठावर वजन असलेल्यांनी दोन-तीन थरांचा हिशेब घरीच करून जावे. दुबईला जाणाऱ्यांना थंडीची एवढी चिंता नाही; तिथे घाम शोषणारे पातळ, पण पूर्ण लांबीचे कपडे पुरतात.

ठाण्याचे एक गिर्यारोहक वाचक: माझ्याकडे घोट्यापर्यंत येणारे चांगले ट्रेकिंगचे बूट आहेत. त्यांनी मी कळसूबाई आणि हरिश्चंद्रगड केला आहे. तेच चालतील ना? आणि कामशेतला पॅराग्लायडिंगला?

उत्तर: बूट हातात घ्या आणि नाडी कुठून जाते ते पाहा. खालच्या भागात नाडी छिद्रांतून जाते, पण घोट्याजवळ बहुतेक ट्रेकिंग बुटांना धातूचे उघडे आकडे असतात, ज्यांत नाडी नुसती अडकवायची असते. हेच आकडे घातक ठरू शकतात, कारण पॅराशूटच्या बारीक दोऱ्या किंवा प्रशिक्षकाच्या सूटचे कापड त्यांत अडकू शकते. तुमच्या बुटांना आकडे असतील तर ते घरी ठेवून पळायचे साधे नाडीचे बूट न्या. तळ सपाट आणि लवचीक असावा, बूट पायात घट्ट बसावा, नाडीला दुहेरी गाठ मारून उरलेली टोके आत खोचावीत. नुसते पाय सारून घालायचे बूट, फ्लोटर, सँडल, टाचेचे बूट हे सगळे बाद. तुमच्या ओळखीच्या मापात सांगायचे, तर टँडम पॅराशूट उघडते ती उंची साधारण ५,००० ते ५,५०० फुटांची, म्हणजे जवळजवळ कळसूबाईच्या माथ्याइतकी. तिथून निसटलेला बूट परत मिळत नाही आणि खाली कुणाच्या डोक्यात पडू शकतो.

कामशेतला पॅराग्लायडिंग करताना तुम्ही डोंगरउतारावरून धावत निघता आणि कधीकधी खडकाळ जागी उतरता, त्यामुळे घोट्याला आधार देणारा बूट तिथे खरोखर उपयोगी आहे. पण छत्राच्या दोऱ्या तिथे पायांजवळच जमिनीवर पसरलेल्या असतात, म्हणून आकड्यांचा आक्षेप तिथेही लागू आहे. छिद्रांतूनच नाडी जाणारे उंच बूट मिळतात, ते पाहावेत. जुने बूट न्यायचेच असतील तर आकड्यांवर चिकटपट्टीचे दोन वेढे द्यावेत.

माटुंग्याची एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी लिहिते: शीतल महाजन यांनी नऊवारी नेसून उडी मारली होती ना? मला माझी पहिली टँडम उडी नऊवारीतच मारायची आहे. आईची हिरवी नऊवारी आहे. प्रशिक्षकांना कसे पटवू?

उत्तर: तुझे पत्र वाचून आनंद झाला, आणि तरीही उत्तर नकाराचेच आहे, म्हणून कारणे नीट सांगते. पुण्याच्या शीतल महाजन यांनी फेब्रुवारी २०१८ मध्ये थायलंडमधील पट्टाया येथे सुमारे १३,००० फुटांवरून नऊवारीत उडी मारली, हे खरे आहे. पण त्यांची उत्तर ध्रुवावरची उडी एप्रिल २००४ मधली आहे, म्हणजे नऊवारी नेसण्याआधी त्यांच्या गाठीशी जवळपास चौदा वर्षे आणि शेकडो उड्या होत्या. त्या एकट्या उडी मारत होत्या, कपड्याचा कोणता भाग कुठे जाईल, हात कुठे पोहोचायला हवा आणि काही बिनसले तर काय करायचे, हे त्यांना अनुभवाने ठाऊक होते. तुझ्या पाठीशी मात्र दुसरा माणूस असेल आणि तुझ्या पदराचा धोका त्यालाही पत्करावा लागेल.

साड्यांमध्ये उडीच्या सर्वांत जवळ जाणारी साडी नऊवारीच आहे, हेही मला सांगितले पाहिजे. काष्टा दोन पायांमधून मागे जात असल्याने मांड्यांचे पट्टे आवळता येतात. सहावारीत ते शक्यच नाही. आपल्या आज्या-पणज्या नऊवारीत शेतात वाकत, विहिरीत उतरत, घोड्यावर बसत, ते याच काष्ट्याच्या जोरावर. अडचण उरते ती पदराची आणि निऱ्यांची. खोचलेली निरी वाऱ्याने सुटली की पाहता पाहता कितीतरी हात कापड मोकळे होते, आणि सेफ्टी पिना लावून ते धरले तर उघडलेली पिन तुझ्या किंवा प्रशिक्षकाच्या अंगात शिरते. रेशमी काठ तर मुळात सुळसुळीत असतो.

तुझ्या इच्छेचा मान राहील असा एक मार्ग सुचवते. खणाच्या कापडाचा, अंगासरशी बसणारा, पूर्ण बाह्यांचा, मागे चेन नसलेला आखूड टॉप शिवून घे. काखेत आणि बगलेला ताणणाऱ्या कापडाची पट्टी घालायला सांग, म्हणजे हात वर-मागे नेता येतील. खाली गडद हिरवी लेगिंग घाल. टिकली वाऱ्याने उडून जाईल, तेव्हा चंद्रकोर ओल्या कुंकवाने रेखून पूर्ण वाळू दे, आणि गॉगलची कड जिथे टेकते त्याच्या थोडी वर काढ. नथ खाली ठेव. जंपसूट सक्तीचा नसेल तर खण दिसेल, सक्तीचा असेल तर उतरल्यावर चेन उघडून दिसेल. आईची नऊवारी बरोबर ने. उडी झाल्यावर मैदानात ती नेसून पॅराशूटसोबत काढलेले छायाचित्र तिला दाखव. पुढे रीतसर शिक्षण घेऊन, पुरेशा उड्या झाल्यावर नऊवारीचा विचार मनात आला, तर मला पुन्हा पत्र लिही. त्या वेळी उत्तर वेगळे असू शकेल.

दहिसरहून एक वाचक: मला चष्मा आहे. लेन्स लावाव्यात की चष्म्यावर गॉगल मिळतो?

उत्तर: दोन्ही चालते. चष्म्यावरून बसणारे मोठे गॉगल बहुतेक ठिकाणी असतात, पण ते आधी फोनवर विचारून घ्या. चष्म्याला मागून कानामागचा रबरी पट्टा लावा. लेन्स लावणार असाल तर गॉगल गालाला सगळीकडून टेकतो आहे ना, हे बोट फिरवून पाहा, आणि सुटी जोडी व साधा चष्मा खाली कुणाकडे तरी ठेवा. सनस्क्रीन कपाळाला थापू नका. घामाबरोबर ते डोळ्यांत उतरते. ओठांना मात्र साधे व्हॅसलीन जरूर लावा.

बोरिवलीचा एक तरुण वाचक: मी पुढच्या वर्षी परदेशात एकट्याने उडी मारण्याचा अभ्यासक्रम करणार आहे. मला स्वतःचा सूट शिवून घ्यायचा आहे. कोणते कापड घ्यावे? हेल्मेटवर माझा कॅमेरा लावता येईल का?

उत्तर: अभ्यासक्रम पूर्ण होईपर्यंत स्वतःचा सूट घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. विद्यार्थ्यांना देतात ते सूट मुद्दाम ढगळ, मजबूत कापडाचे आणि गुडघ्यांना जाड ठिगळ लावलेले असतात. पुढे जेव्हा इतरांबरोबर हवेत हात धरून उडी मारण्याची वेळ येते, तेव्हा सर्वांचा खाली येण्याचा वेग जुळावा लागतो आणि तिथे कापड महत्त्वाचे ठरते. शरीराच्या आकाराच्या मानाने वजन कमी असलेला माणूस सावकाश पडतो, म्हणून त्याला घट्ट, गुळगुळीत कापड देतात. भारी माणूस वेगाने पडतो, म्हणून त्याचा सूट सैल आणि हवा अडवणाऱ्या कापडाचा असतो. तुझा वेग कोणत्या बाजूला झुकतो, हे वीस-पंचवीस उड्यांनंतर तुझे प्रशिक्षकच सांगतील. आज शिवलेला सूट त्या वेळी उलट्या कापडाचा निघाला, तर पैसे वाया जातील.

एकट्याच्या उडीत कपड्यांबद्दल दोन गोष्टी मात्र पहिल्या दिवसापासून पाळायच्या. मनगटावरचे उंचीमापक बाहीखाली जाता कामा नये, म्हणून बाहीचे टोक घट्ट असावे. आणि पॅराशूट उघडण्याची मूठ सहसा पाठीवरच्या पिशवीच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात असते, तेव्हा बाहेर आलेला शर्ट तिच्यावर पसरता कामा नये. हातमोजे असे पातळ हवेत की डोळे मिटून ती मूठ बोटांना ओळखता आली पाहिजे. कॅमेऱ्याचा विचार सध्या सोडून दे. अमेरिकेतील पॅराशूट संघटनेची शिफारस किमान २०० उड्यांनंतरच कॅमेरा लावावा अशी आहे. तो दोऱ्यांत अडकू शकतो आणि त्याहून वाईट म्हणजे लक्ष वेधून घेतो.

विलेपार्ल्याहून ६७ वर्षांचे एक वाचक: डॉक्टरांनी आणि आयोजकांनी परवानगी दिली आहे. नातीबरोबर जाणार आहे. आधी मी उडी मारणार आणि मागून ती. मला कवळी आहे, कानाला श्रवणयंत्र आहे आणि उजव्या गुडघ्याला नी-कॅप लावतो. यांपैकी काय ठेवू आणि काय काढू?

उत्तर: नी-कॅप ठेवा, मात्र ती ट्रॅक पँटच्या आत असावी आणि तिच्यात धातूच्या पट्ट्या असतील तर साधी कापडी घ्यावी. वर सांगितलेली फरशीवर बसून पाय उचलण्याची परीक्षा आपण नी-कॅप लावूनच, शेजारी कुणीतरी उभे असताना, करून पाहावी. पाय पुरेसे वर येत नसतील तर ते प्रशिक्षकांना आधीच स्पष्ट सांगावे. मांड्यांखाली धरून पाय उचलायला मदत होईल अशी सोय काही जंपसूटना असते, ती मागून घ्यावी. कवळी पक्की बसत नसेल तर काढूनच ठेवावी, कारण वाऱ्यात तोंड उघडते आणि माणूस ओरडतोही. श्रवणयंत्र मात्र काढायलाच हवे. त्यामुळे प्रशिक्षकाच्या सूचना आपल्याला वर ऐकू येणार नाहीत, तेव्हा जमिनीवर असतानाच खुणा ठरवून घ्या: खांद्यावर एक थाप म्हणजे हात पसरा, दोन थापा म्हणजे पाय वर. प्रशिक्षकाला या खुणा आपल्यासमोर एकदा करून दाखवायला सांगा. यंत्र डबीत घालून मैदानावर थांबणाऱ्या घरच्या माणसाकडे द्या आणि उतरल्यावर हार्नेस सुटले की आधी ते कानात बसवा. नात आपल्या मागोमाग उतरणार आहे, आणि ती धावत येऊन जे सांगेल ते ऐकायला हवे.